कुठला निळा हवाय?

"ब्लू तो बहुत है, मॅडम. कौनसा ब्लू?"

क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या बाजूच्या त्या चिंचोळ्या दुकानात चाचांनी हे विचारलं आणि मी चक्क गप्प! नेलपॉलिश घ्यायचं असतं तर निळ्याच्या सहा शेड्स धडाधड सांगितल्या असत्या. पण प्रश्न होता फिशटँकच्या दिव्याचा. आणि टँक माझा नव्हता, दादाचा होता.

झालं असं, की दादा-वहिनी तीन महिन्यांसाठी बंगळुरूला गेले. ठाण्याचा फ्लॅट, वहिनीच्या कुंड्या आणि दादाचा चार फुटी रीफ टँक, सगळं माझ्या गळ्यात. फ्रीलान्सर म्हणजे घरीच असते, म्हणजे रिकामीच असते, असा आमच्याकडे ठाम समज आहे. रीफ टँकमध्ये नुसते मासे नसतात. खारं पाणी, खडक आणि खडकांवर जिवंत कोरल्स. छत्रीसारखं पसरलेलं एक लेदर कोरल आणि शर्टाच्या बटणांएवढ्या झोअँथिड्सचे चार-पाच पुंजके. चार वर्षं जपलेत त्याने. वर दोन टी-फाइव्ह ट्यूब, एक पांढरी, एक निळी. दुसऱ्याच आठवड्यात निळी गेली. "क्रॉफर्डला जाऊन एक एलईडी पट्टी आण," दादा फोनवर म्हणाला, "पण नीट विचारून घे." नीट विचारलं असतं तर हा लेख लिहायची वेळच आली नसती.

सीएसएमटीला उतरून दहा मिनिटं चाललं की ती दगडी इमारत येते. 1869 सालची. कागदोपत्री महात्मा जोतिबा फुले मंडई, पण टॅक्सीवाल्याला सांगताना क्रॉफर्डच. दारावर शेतकऱ्यांची सुंदर शिल्पं आहेत, रुडयार्ड किपलिंगच्या वडिलांच्या हातची. खाली उभं राहून वर बघणारं कुणी मला आजवर दिसलेलं नाही. सगळ्यांचं लक्ष आंब्याच्या पेट्यांकडे. 1882 मध्ये इथे विजेचे दिवे लागले, देशात पहिल्यांदाच, असं सांगतात. म्हणजे दिवा घ्यायला मी अगदी योग्य ठिकाणी आले होते म्हणायचं!

फळं, चीज, विदेशी चॉकलेटं मागे टाकत गेलं की वास बदलतो. पक्ष्यांचं खाद्य, ओली वाळू, प्लॅस्टिकच्या फुगलेल्या पिशव्यांत गोल गोल फिरणारे मासे. चाचांचं दुकान तिथेच. "कौनसा ब्लू?" ला मी उत्तर दिलं, "जो अच्छा दिखे." चाचांनी खांदे उडवले, पट्टी दिली, मी पैसे दिले.

घरी आणून लावली तर उजेड अगदीच मिणमिणता. यासाठी एवढे पैसे? मग काय, पट्टी फुल्ल आणि दिवसाचे बारा तास. चौथ्या दिवशी लेदर कोरलने अंग चोरलं. मला वाटलं, बिचाऱ्याला उजेड कमी पडतोय. पट्टी चार इंच खाली आणली.

आठव्या दिवशी झोअँथिड्सचा एक हिरवा पुंजका पांढुरका पडला होता. दादाला फोटो पाठवला. निळ्या टिका लगेच आल्या, उत्तर मात्र दहा मिनिटांनी. "पट्टी बंद कर. आत्ता."

दुसऱ्या दिवशी पुन्हा क्रॉफर्ड. या वेळी वही घेऊन. चाचांनी चहा मागवला आणि क्लासच घेतला. मग घरी येऊन मीही वाचलं. माझं नेमकं काय चुकलं, ते साधंच होतं. आपला डोळा हिरवट-पिवळ्या उजेडाला सगळ्यात तीक्ष्ण, 555 नॅनोमीटरच्या आसपास. 450 नॅनोमीटरच्या निळ्याला त्याच्या जेमतेम चार टक्के. म्हणून निळा दिवा आपल्याला मंद वाटतो. कोरलच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल मात्र नेमका हाच निळा भराभर खातं आणि त्यातून कोरलचं पोट भरतं. उजेड अचानक अति झाला, की शैवालाचं तंत्र बिघडतं, कोरल त्याला बाहेर काढतं आणि पांढरं पडतं. म्हणजे मी त्यांना उपाशी समजून जबरदस्तीने भरवत होते! मोबाइलच्या लक्समीटर अ‍ॅपचाही उपयोग नाही. तो आपल्याच डोळ्याच्या हिशेबाने मोजतो.

मग निळा निवडायचा कसा? पट्टीवर नॅनोमीटर लिहिलेले नसतील तर सरळ पुढच्या दुकानात जा. मुख्य भार 450 च्या रॉयल ब्ल्यूवर, सोबत थोडा 470 चा. 420 चा जांभळा दिवा घ्यायचा तो हौस म्हणून. त्यात कोरल्स डिस्कोतल्यासारखी चमकतात. आणि डिमर हवाच. तो नसेल तर स्वस्तातली पट्टीही महागात पडते. चाचांनी वरचे पैसे घेऊन डिमरवाली बदलून दिली. पांढरी ट्यूब मात्र काढायची नाही. नुसत्या निळ्यात आजारी कोरलही छानच दिसतं.

ही शेवटची गोष्ट शेजारच्या गल्लीत लगेच कामाला आली. एका दुकानदाराने निळ्या उजेडात झगमगणारा कडक कोरलचा तुकडा दाखवला. म्हटलं, पांढरा लावा. लावला, तर खाली मळकट तपकिरी दगड! कुठून आणला विचारलं, तर नुसता हसला. आपल्या समुद्रातली कडक कोरल्स 2001 पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, वाघाच्या रांगेत. काढणं, विकणं, दोन्ही गुन्हा. तिथून मी निघाले.

टायमर हवा होता म्हणून जवळच्याच लोहार चाळीत शिरले. दिव्यांचा समुद्र म्हणतात तो हाच. निळ्या पट्ट्यांची रिळंच्या रिळं. "कितने नॅनोमीटर?" मी वहीतला प्रश्न विचारला. काउंटरवरच्या मुलाने माझ्याकडे कीव करून बघितलं. "गणपती के लिए चाहिए ना?" टायमर घेतला, फालुदा खाल्ला आणि ट्रेन पकडली.

ट्रेनमध्ये मालवण आठवलं. गेल्या डिसेंबरात सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ मी पहिल्यांदा डाइव्ह केलं, आणि खरं सांगते, हिरमुसले होते. पोस्टरसारखं निळं काहीच नव्हतं. सगळं हिरवट, मूगडाळीच्या पाण्यासारखं. खडकावर कोरल्स होती, तपकिरी आणि राखाडी. स्वच्छ, खोल समुद्रात लाल रंग वरच्या काही मीटरमध्येच विरतो आणि निळा सगळ्यात खोल जातो. किनाऱ्याजवळ गाळ आणि प्लवक असतं, ते निळाच आधी गिळतं आणि उरतो हिरवा. म्हणजे दादाच्या टँकमधला निळा हा लक्षद्वीपचा, इंडोनेशियाचा. आमच्या कोकणचा नव्हेच. चाचांचा प्रश्न खरं तर 'कुठला समुद्र हवाय' असा होता.

नवी पट्टी तीस टक्क्यांवर, टँकच्या वर फूटभर. दर आठवड्याला पाच टक्के वाढ, दिवसाचे आठ तास. पांढऱ्याच्या अर्धा तास आधी सुरू आणि अर्धा तास नंतर बंद, म्हणजे माशांनाही पहाट आणि संध्याकाळ मिळते. ड्रायव्हर टँकपासून लांब, कारण मिठाचे शिंतोडे आणि मुंबईची हवा मिळून काहीही गंजवतात. एकोणिसाव्या दिवशी लेदर कोरल उघडलं. मी एकटीच टाळ्या वाजवत होते. हिरवा पुंजका मात्र गळून गेला.

दादा शनिवारी आला. बॅग खांद्यालाच, थेट टँकसमोर उकिडवा बसला. बराच वेळ बघत होता.

"इथे हिरवे होते ना?"

"होते."

त्याने काचेवरचा एक डाग बोटाने पुसला. मग वर पट्टीकडे बघितलं, डिमर हलकेच एक घर खाली आणला, पुन्हा होता तिथेच नेला.

"टायमर कितीला पडला?" तो म्हणाला.