पळत्या गड्याचा फोटो

शाळेच्या खो-खोच्या मॅचचे फोटो काढले की निम्मे 'हलले' म्हणून वाया जातात, हो ना? पुढच्या वेळी ते पुसून टाकायच्या आधी पळणाऱ्या मुलीच्या पायाखालची माती बघा. माती लख्ख आणि मुलगी फराटल्यासारखी, तर शटर हळू पडलं. मातीही पुसट, पण पुढचं किंवा मागचं गवत मात्र लख्ख, तर फोकस चुकला. रोग वेगळे, औषधंही वेगळी!

आधी शटर. १०० मीटर १४ सेकंदांत पळणारी मुलगी एका सेकंदात साधारण ७ मीटर जाते. शटर १/६० सेकंद उघडं राहिलं, तर तेवढ्यात ती जवळजवळ १२ सेंटिमीटर सरकते. १/१००० ठेवलं तर फक्त ७ मिलिमीटर. म्हणून १/१०००. संध्याकाळी उजेड कमी पडला तर आयएसओ वाढवा. फोटोत थोडे दाणे दिसतील, दिसू देत. दाणेदार चेहरा ओळखू तरी येतो.

आता फोकस. बटण अर्धं दाबलं की 'वन शॉट' किंवा 'एएफ-एस' मोडमध्ये कॅमेरा अंतर मोजून तिथेच थांबतो. झाड, इमारत, आजोबा यांच्यासाठी ठीक. पण समोरून पळत येणारी मुलगी अर्ध्या सेकंदात साडेतीन मीटर जवळ आलेली असते! तिच्यासाठी 'एएफ-सी'. कॅननवाले त्यालाच 'सर्व्हो' म्हणतात. बटण अर्धं दाबून ठेवायचं आणि कॅमेरा तिच्याबरोबर फिरवायचा. तो सारखं अंतर मोजत राहतो, आणि पुढच्या क्षणी ती कुठे असेल याचा अंदाजही बांधतो.

खो-खोत मात्र एक गंमत आहे. पाट्यांवर आठ जणी बसलेल्या, सगळ्यांचा गणवेश सारखा. कुठे बघायचं हे कॅमेऱ्यावरच सोपवलं, तर तो बहुधा जवळ बसलेलीची पाठ पकडतो. म्हणून फोकसची छोटी चौकट निवडा आणि ती पळणारीच्या छातीवर धरा. याला सराव लागतो. घरचा कुत्रा किंवा सायकलवरचा भाऊ चालेल.

१९८५ साली मिनोल्टा ७००० आला आणि आपोआप फोकस साधणारे एसएलआर रुळू लागले. त्याआधीचे खेळांचे फोटोग्राफर काय करत? हाताने कडं फिरवत, नाहीतर जागा हेरून ठेवत. माझी भाची यंदा दहावीत. शाळेकडून शेवटची मॅच, आणि तिला फोटो हवा होता तो खांबावर सूर मारतानाचा. मी जुनीच युक्ती केली. रेषेबाहेर बसून फोकस खांबावर पक्का केला, आणि थांबलो. तिसऱ्या डावात ती आली. बोटं, धूळ, सुटलेली वेणी, सगळं लख्ख. ताई म्हणाली, "अरे, चेहरा कुठे दिसतोय?" भाची म्हणाली, "आई, बोटं बघ ना, लागलीच आहेत तिला!"

घरी फक्त मोबाइल आहे? मग हीच युक्ती करा. बऱ्याच मोबाइलांत पडद्यावर खांबाच्या जागी बोट दाबून धरलं की फोकस तिथे पक्का होतो. मॅच सकाळची असेल तर उत्तम. उजेड भरपूर मिळतो.