कार्डावरची तीन अक्षरं

ताईची पिशवी काढली तेव्हा ती 41 वर्षांची होती. बीड जिल्ह्यातल्या एका गावात ती अंगणवाडी सेविका आहे. बरेच दिवस तिच्या अंगावरून बेसुमार जात होतं. हिमोग्लोबिन 7 च्या खाली उतरलं, रक्त चढवावं लागलं, सोनोग्राफीत गर्भाशयात गाठी दिसल्या आणि तालुक्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात ऑपरेशन झालं. रक्तस्राव थांबला. चार पायऱ्या चढताना लागणारी धाप थांबली. त्या सुटकेबद्दल ताई आजही समाधानी आहे. पण त्यानंतर शरीरात काय काय होणार, याची कल्पना तिला कुणीच दिलेली नव्हती, आणि मला सांगायचं आहे ते त्याबद्दल.

घरी आल्यावर सासूबाईंनी तिला बाळंतिणीसारखं जपलं. सकाळी तुपातला शिरा, डिंकाचे नि अळिवाचे लाडू, खारीक-खोबरं, रात्री हळद घातलेलं दूध. पोटाला टाके पडले की बाईचं असंच करायचं, ही आमच्याकडची रीत आहे आणि त्यात खरी माया आहे. पण बाळंतीण अंगावर पाजत असते, तिला जास्तीचं अन्न लागतंच. ताई तर पलंगावर पडून होती. दवाखान्यात सांगितलं होतं, सहा आठवडे जड उचलू नका. घरात त्या सहा आठवड्यांचे सहा महिने झाले. पाणी भरायचं नाही, वाकायचं नाही, पीठ मळायचं नाही. अंगणवाडीत तेवढी जायची, तीही गाडीवर मागे बसून.

वाफा मात्र पहिल्या काही दिवसांतच सुरू झाल्या होत्या. रात्री झोपेतच छातीतून वर आग चढायची, मान आणि कानशिलं घामाने भिजायची, आणि थोड्या वेळाने अंग एवढं गार पडायचं की ती गोधडी ओढून घ्यायची. थंडीचे दिवस, सगळं घर पांघरुणात, आणि ताई पंख्याखाली बसलेली. झोप तुटली की सकाळी डोकं जड. पोरांवर चिडायची, मग स्वतःच रडायची. भाऊजींनी धीर धरला, पण हे काय चाललंय ते त्यांनाही उमगत नव्हतं. शेजारणी म्हणाल्या, अशक्तपणा आहे, आणखी खा.

वजन वर्षभरात 58 किलोवरून 69 वर गेलं. एरवी तिच्या घरात जाडपणा कंबरेखाली येतो. आईचं आणि आत्याचं तसंच आहे. ताईचं सगळं पोटावर आलं. ब्लाउज दंडात नाही, पाठीत आणि पोटापाशी घट्ट व्हायला लागले. गावात सगळ्यांचं एकच उत्तर: ‘‘पिशवी काढली की अंग सुटतंच, मॅडम.’’ ताईने रात्रीची भाकरी सोडली. मग सकाळचीही अर्धी केली. आठवड्यातल्या दोन उपवासांचे तीन झाले. वजन जागचं हललं नाही, हात-पाय मात्र गळायला लागले.

मी पुण्याहून गेले होते तेव्हा तिने तिची फाइल काढून दाखवली. डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनच्या रकान्यात निळ्या पेनाने इंग्रजीत लिहिलं होतं: टीएएच विथ बीएसओ. पहिली तीन अक्षरं म्हणजे पोट उघडून गर्भाशय पूर्ण काढणं. पुढची तीन म्हणजे दोन्ही बाजूंच्या बीजवाहिन्या आणि दोन्ही अंडाशय काढणं. त्याच फाइलमध्ये मागे तुकडा तपासणीचा रिपोर्ट होता. गर्भाशयात साध्या गाठी, कर्करोग नाही. दोन्ही अंडाशयांत काही दोष आढळला नाही.

निरोगी अंडाशय काढलेले होते, आणि ताईला ते माहीत नव्हतं. संमतीच्या फॉर्मवर तिची सही होती. ‘‘पिशवी काढायचीय म्हणाले, मी सही केली. पुढं कटकट नको म्हणून सगळं साफ करून टाकलं, असं नंतर सिस्टर म्हणाली होती. मला वाटलं, साफ म्हणजे धुऊन-पुसून.’’

गर्भाशय आणि अंडाशय ही दोन वेगळी कामं करणारी इंद्रियं आहेत, आणि ताईच्या पुढच्या सगळ्या त्रासाचा उगम इथे आहे. गर्भाशय काढलं की पाळी बंद होते, पण अंडाशय जागेवर असतील तर इस्ट्रोजेन तयार होत राहतं. त्यांचं कामही अशा बायकांत थोडं लवकर मंदावू शकतं आणि पहिल्या वर्षात वजनही इतरांपेक्षा थोडं जास्त वाढल्याचं अभ्यासांत दिसलेलं आहे, तरी बदल हळूहळू होतो. दोन्ही अंडाशय काढले तर गोष्ट वेगळी. नैसर्गिकरीत्या पाळी जाताना शरीराला काही वर्षांची सवड मिळते. इथे इस्ट्रोजेन दोन-चार दिवसांत कोसळतं. अंडाशयातून येणारं टेस्टोस्टेरॉनही थांबतं. चरबी मांड्या-नितंबांऐवजी पोटात, आतड्यांभोवती साठायला लागते, इन्शुलिनचा प्रभाव कमी होतो, वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, हाडांतलं कॅल्शियम झपाट्याने कमी होतं. त्यात झोप नाही, हालचाल नाही. स्नायू घटले की बसल्याजागी खर्च होणारी ऊर्जाही घटते. म्हणजे ताई अर्धी भाकरी खात होती तरी वजन उतरत नव्हतं, याला कारण होतं. तिची जीभ किंवा तिचा आळस याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता.

अंडाशय काढण्याच्या बाजूने डॉक्टर एक मुद्दा मांडतात: अंडाशयाचा कर्करोग उशिरा कळतो, मग धोका कशाला ठेवा? घराण्यात तो आजार असेल, बीआरसीए जनुकात दोष असेल किंवा अंडाशयच रोगट असतील तर हा मुद्दा रास्त आहे. पण यातलं काहीच नसताना 45 च्या आत दोन्ही अंडाशय गेले आणि इस्ट्रोजेनही बाहेरून दिलं नाही, तर हृदयविकार, हाडं ठिसूळ होणं आणि उतारवयातला स्मृतिभ्रंश यांची शक्यता वाढते. हे दोन्ही धोके बाईसमोर ठेवून तिला विचारायला हवं. ताईला कुणी विचारलं नाही याचा मला अजून राग येतो.

बीड जिल्ह्यात हा राग एकट्या ताईपुरता राहत नाही. 2019 साली राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली पिशवी काढण्याच्या ऑपरेशनांबाबत समिती नेमली. तिच्यासमोर आलेल्या पाहणीत जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहांत एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशभरातल्या 15 ते 49 वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण 3.3 टक्के आहे. ताईच्या अंगणवाडीत पोरं सोडायला येणाऱ्या कितीतरी बायका त्या हिशेबातल्या. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल घेतलेली, एक दिवस कामावर गेलं नाही की खाडा कापला जातो. फडात संडास नाही, पाणी नाही, पाळीच्या चार दिवसांतही मोळ्या डोक्यावरून ट्रॅक्टरपर्यंत न्यायच्या. अंगावर पांढरं जातं म्हणून दवाखान्यात गेलेल्या बाईला कॅन्सरची भीती घातली की ती उचल वाढवून घेते आणि पिशवी काढून मोकळी होते. यातल्या बऱ्याच जणी तिशी-पस्तिशीतल्या. ऑपरेशननंतर वाफा, कंबरदुखी, गुडघे, चक्कर, आणि तरीही पुढच्या हंगामात कोयता हातात. सहा आठवड्यांची विश्रांती त्यांच्या वाट्याला येत नाही.

हे प्रकार उघडकीस आल्यावर जिल्ह्यात खाजगी दवाखान्यांना अशा ऑपरेशनसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. राजस्थान, बिहार आणि छत्तीसगडमधल्या अशाच प्रकारांवरून डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी केलेल्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 5 एप्रिल 2023 रोजी निकाल दिला आणि केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत अमलात आणा असं सगळ्या राज्यांना बजावलं. ज्यांची ऑपरेशनं होऊन गेली आहेत त्यांचा प्रश्न मात्र उरतोच. त्यांच्या वाफांकडे, वजनाकडे, हाडांकडे कोण बघणार?

ताईला आम्ही लातूरला एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्यांनी फाइल पहिल्या पानापासून वाचली, मग तिच्या पोटाभोवती टेप लावली. 94 सेंटिमीटर. आपल्याकडच्या बायकांसाठी 80 च्या वर धोका धरतात. रक्तदाब, चरबीचं प्रमाण, यकृत, थायरॉइड, मॅमोग्राफी असं सगळं तपासलं. थायरॉइड ठीक निघालं. तीन महिन्यांची सरासरी साखर 6.1, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टरबाईंनी इस्ट्रोजेन सुचवलं आणि भाऊजींचा चेहरा पडला. हार्मोनच्या औषधाने छातीचा कॅन्सर होतो, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं.

या भीतीमागे एक खरी घटना आहे. 2002 साली अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या अभ्यासाचा एक भाग मध्येच थांबवला गेला, कारण गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाचा कर्करोग वाढलेला दिसला. पण त्या स्त्रिया इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टिनही घेत होत्या. गर्भाशयाच्या अस्तराचं रक्षण करायला प्रोजेस्टिन लागतं. गर्भाशयच नसेल तर त्याची सहसा गरज नसते. त्याच अभ्यासात गर्भाशय काढलेल्या 10,739 स्त्रियांचा वेगळा भाग होता आणि त्यातल्या निम्म्या जणींना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं. तोही 2004 साली थांबवला, पण पक्षाघाताचं प्रमाण वाढलं म्हणून. स्तनाचा कर्करोग त्यांच्यात वाढलेला नव्हता. शिवाय या सगळ्या जणी 50 ते 79 वयाच्या होत्या. ताई चाळिशीतली, तिच्या शरीरात एरवीही या वयाला इस्ट्रोजेन असायलाच हवं होतं. डॉक्टरबाईंनी हे सगळं कागदावर आकृती काढून समजावलं. त्वचेवर चोळायचं जेल दिलं, कारण त्यात रक्ताच्या गुठळीचा धोका गोळ्यांपेक्षा कमी. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेला असेल, यकृताचा आजार किंवा गुठळीचा इतिहास असेल तर हे औषध सरसकट देत नाहीत, हेही त्यांनी सांगितलं.

महिन्याभरात वाफा ओसरल्या. ताई पुन्हा रात्रभर झोपायला लागली. वजनात काडीचा फरक पडला नाही, आणि तसं होणार हे डॉक्टरबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. जेल वजन उतरवत नाही. वजन उतरवण्यासाठी लागणारी झोप आणि उमेद परत देतं.

त्यानंतरची सगळी मेहनत ताईची. उपाशी राहणं डॉक्टरबाईंनी पहिल्यांदा बंद करायला लावलं. वजनाच्या किलोमागे साधारण एक ग्रॅम प्रथिनं पोटात गेली पाहिजेत, हे ऐकून ताईने वहीत हिशेब मांडला. एका अंड्यात सहा ग्रॅम, वाटीभर वरणात सहा-सात. तिच्या जुन्या ताटात दोन भाकऱ्या, ठेचा आणि पातळ कालवण असायचं. त्यातून निम्मीही प्रथिनं मिळत नव्हती. आता भाकरी दीड, पण मटकीची किंवा हुलग्याची घट्ट उसळ वाटीभर, सकाळी दोन अंडी, दुपारी ताक. उपवास एकच ठेवला, त्याला साबुदाण्याऐवजी भगर आणि दही. सासूबाईंना हे रुचायला वेळ लागला. उपवास मोडल्याचं त्यांना वाईट वाटलं, पण रात्री सून झोपते हे दिसल्यावर त्यांनीच हुलगे भिजत घालायला सुरुवात केली.

आणि व्यायाम. चालणं ती आधीही करत होती. स्नायूंसाठी ते पुरत नाही. टाके पूर्ण भरलेले आहेत याची खात्री करून डॉक्टरबाईंनी तिला वजन उचलायला लावलं. पोरं घरी गेली की अंगणवाडीच्या खोलीत ताई आणि मदतनीस दार लोटून घेतात. पाच लिटरचे तेलाचे रिकामे डबे पाण्याने भरलेले, एकेका हातात एक. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं. भिंतीला तळवे लावून दंड काढायचे. सुरुवातीला तिचे पाय थरथरायचे, मी पाहिलं आहे. समोरच्या भिंतीवर मुलांच्या वजनाचा तक्ता आहे, त्याच्या कडेला तिने पेन्सिलीने स्वतःच्या पोटाचं माप लिहायला सुरुवात केली. 94, 93, बरेच दिवस 93, मग 91.

वर्षभराने वजन 64 आणि पोट 86 वर आलं. साखर 5.6. ऑपरेशनच्या आधीचे 58 किलो पुन्हा येतील असं डॉक्टरबाईंनी कधीच म्हटलेलं नाही आणि ताईही आता त्यामागे लागत नाही. तिला दंडात ताकद आली आहे, पाण्याची घागर ती पुन्हा स्वतः उचलते, आणि वरच्या आकड्यांपेक्षा तिला त्याचं जास्त कौतुक आहे.

पाडव्याच्या सुमारास कारखान्यावरून टोळ्या परतल्या की ताई वस्तीवरच्या बायकांना कार्ड घेऊन यायला सांगते. बऱ्याच जणींकडे कार्डच नसतं. असतं तेव्हा ती आधी ऑपरेशनचा रकाना वाचते आणि बीएसओ ही तीन अक्षरं दिसली की त्या बाईला सरकारी दवाखान्यात हाडांची आणि साखरेची तपासणी मागायला पाठवते. एका 28 वर्षांच्या मुलीला नुकतंच एका दवाखान्यात पिशवी काढायला सांगितलं होतं, कारण पांढरं जाणं. ताई तिला स्वतः जिल्हा रुग्णालयात घेऊन गेली. जंतुसंसर्ग निघाला. नवरा-बायको दोघांना गोळ्यांचा कोर्स दिला आणि मुलगी बरी झाली.

ताईची पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. भारतात पाळी सरासरी 46-47 व्या वर्षी जाते. त्या वयाला जेल कमी करायचं की आणखी काही वर्षं चालू ठेवायचं, हे तिच्या हाडांचा डेक्सा स्कॅन आणि मॅमोग्राफी पाहून ठरेल. तिने वहीच्या शेवटच्या पानावर डॉक्टरबाईंना विचारायचे प्रश्न लिहून ठेवले आहेत. पहिला प्रश्न तिच्या स्वतःच्या जेलचा आहे, आणि दुसरा वस्तीवरच्या ज्या बायकांना जेल परवडत नाही त्यांना स्वस्तातली गोळी चालेल का, हा.