लाल रेघ

शाळेत असताना माझ्या वहीत निळ्या शाईपेक्षा लाल शाईच जास्त असे. 'व्हता', 'पानी', 'इळा' असे शब्द माझ्या हातून सहज उतरत आणि गुरुजींची लाल रेघ त्यांच्याखाली तितक्याच सहज उमटे. गुरुजींचे काही चुकत होते असे मुळीच नाही. पण घरात सगळेजण जसे बोलतात तसेच लिहिले तर ती चूक कशी, हे कोडे मला दहावीपर्यंत सुटले नव्हते. कॉलेजात आले तेव्हा वाटले, चला, आता तरी या रेघेतून सुटका झाली.

ती काही झाली नाही. पहिल्या वर्षी कॉम्प्युटर लॅबमध्ये एक निबंध टाइप करायला बसले. दोन ओळी झाल्या आणि पाहते तो काय, प्रत्येक शब्दाखाली लाल नागमोडी रेघ! 'मी'खाली, 'आई'खाली, 'मराठी'खालीसुद्धा. माझ्या नावाखालीही. क्षणभर वाटले, शाळेतले गुरुजीच या पडद्यामागे येऊन बसले आहेत. हळूच शेजारच्या मैत्रिणीच्या पडद्याकडे नजर टाकली. ती शहरातली, तिचे शुद्धलेखन चांगले. तिचेही पान लालच होते. माझा जीव भांड्यात पडला.

त्या यंत्राला फक्त इंग्रजी येत होते, एवढीच गोष्ट होती. जे आपल्याला ठाऊक नाही ते चूक, असा त्याचा साधा न्याय. पुढे एका सीनियर ताईने सांगितले, "अगं, ब्राउझरला मराठीची ॲड-ऑन जोड, मग बघ."

ॲड-ऑन म्हणजे काय, हे मी माझ्यापुरते असे समजून घेतले: ट्रॅक्टर एकच असतो. मागे नांगर जोडला की नांगरट होते, पेरणीयंत्र जोडले की पेरणी होते आणि ट्रॉली जोडली की तोच ट्रॅक्टर ऊस घेऊन कारखान्यावर जातो. ब्राउझरचेही तसेच. आपल्याला हवी ती जोडणी त्याला जोडावी आणि काम करून घ्यावे. अशा हजारो जोडण्या असतात आणि त्यांतल्या कितीतरी कोणीतरी हौसेने करून फुकट ठेवलेल्या असतात. मराठी शब्दांची जोडणी त्यांतलीच एक. ती जोडली आणि पडद्यावरच्या बहुतेक रेघा पावसाने रस्ता धुऊन निघावा तशा नाहीशा झाल्या.

या जोडणीच्या पोटात असते तरी काय, हे वाचण्यात माझी एक रात्र गेली. शब्द तपासणारी मूळ प्रणाली आहे हनस्पेल. हंगेरीच्या लास्लो नेमेथ या गृहस्थांनी ती आपल्या हंगेरियन भाषेसाठी केली. आज फायरफॉक्स, क्रोम, लिब्रेऑफिस या सगळ्यांत ती आहे. त्या भाषेतही आपल्यासारखेच शब्दाला प्रत्ययावर प्रत्यय लागतात, म्हणून नुसती शब्दांची यादी पुरत नाही. एका फाईलमध्ये मूळ शब्द आणि दुसरीत प्रत्ययांचे नियम, अशी तिची रचना. 'घर' हा शब्द एकदाच लिहायचा. घरात, घराला, घरापाशी, घरातल्यांनासुद्धा, ही सगळी पिलावळ नियमांनी ओळखायची. 'घोडा'चे 'घोड्याला' होते आणि 'शाळा'चे 'शाळेला', हेही यंत्राला सांगावे लागते. वाचकहो, व्याकरणाच्या तासाला सामान्यरूप चालले असताना मी डुलक्या काढल्या होत्या, हे इथे कबूल करते. तो धडा कोणाच्या कामी येत असेल असे तेव्हा वाटले नव्हते.

आणखी एक गंमत कळली. 'ॲड-ऑन' हा शब्द ज्या अक्षराने सुरू होतो ते 'ॲ' हे अक्षर संगणकाच्या जागतिक वर्णमालेत, म्हणजे युनिकोडमध्ये, २००८ साली आले. देवनागरी तिथे १९९१ पासून होती, पण मराठीला लागणारे हे अक्षर नव्हते. तोवर लोक 'अ' लिहून त्यावर चंद्र चढवीत. डोळ्यांना दोन्ही सारखेच वाटतात, यंत्राला मात्र ते वेगळे. एक शोधले तर दुसरे सापडेलच असे नाही. सतरा वर्षे आपले एक अक्षर दाराबाहेर उभे होते, हे वाचून मला उगीचच त्याच्याविषयी माया वाटली.

या लाल रेघेचा मला फायदाही झाला, तो नाकारणार नाही. 'विद्यार्थीनी' आणि 'आशिर्वाद' मी इतकी वर्षे चुकीचे लिहीत होते. रेघ आली म्हणून 'विद्यार्थिनी' आणि 'आशीर्वाद' कळले. आमची मैत्री जमू लागली होती.

अशात यंदा बोलीभाषेचा प्रकल्प आला. आपल्या गावातले शेतीचे पन्नास शब्द जमवा, असे सरांनी सांगितले. सुट्टीत आजीपाशी बसले. तिला अक्षरओळख नाही, पण शब्द तिच्या तोंडून शेंगा फोडाव्यात तसे पडत होते. तिफण, पाभर, कणगी, बळद, पेव. मध्येच म्हणाली, "आन् तिफणीवरचं चाडं ऱ्हायलं की! त्यातूनच बी जातं खाली. तुझ्या आज्याच्या तिफणीवर मी मूठ धरलीया. समदं रान सारखं उगवायचं, कुठं दाट न्हाई की पातळ न्हाई." हे सांगताना तिने मूठ अशी अलगद सैल केली की मला बी पडताना दिसले. आता आमच्या रानात ट्रॅक्टरच पेरतो. ती मूठ कोणाला लागत नाही.

लॅबमध्ये येऊन यादी टाइप केली. जोडणी असूनही निम्म्या शब्दांखाली पुन्हा लाल रेघ. 'चाडं'खाली तर होतीच. आता मात्र मला राग आला. माझ्या चुका होत्या त्या मी सुधारल्या, पण आजीची मूठ चूक कशी?

मग शोधायला लागले. अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठाने भारतीय भाषांचे जुने कोश इंटरनेटवर सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. त्यात मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे. कंपनी सरकारच्या पलटणीतल्या या साहेबाने कँडी बंधूंच्या आणि आपल्याकडच्या शास्त्र्यांच्या मदतीने तो केला. पहिली आवृत्ती १८३१ ची आणि दुसरी १८५७ ची. दुसरीत सुमारे साठ हजार शब्द आहेत. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश'ही तिथेच आहे, त्याचा पहिला विभाग १९३२ चा. तिफण सापडली, कणगी सापडली. 'चाडं' मात्र सापडेना. सरांना विचारले, तेव्हा ते हसून म्हणाले, "अहो, जुन्या लेखनात नपुंसकलिंगी शब्दाला मात्रा आणि वर अनुस्वार असे. 'चाडें' लिहून पाहा." लिहिले, आणि समोर आले! पेरणीच्या तिफणीवरचे बी सोडायचे भांडे, असा अर्थ साहेबाने इंग्रजीत दिलेला. लॅबमध्ये मी जवळजवळ ओरडलेच.

संध्याकाळी फोनवर आजीला सांगितले, तुझा शब्द दीडशे वर्षांहून जुन्या पुस्तकात आहे, एका गोऱ्या साहेबाने लिहून ठेवलाय. ती जराही हुरळली नाही. म्हणाली, "त्यानं कधी मूठ धरली व्हती का?"

दुसऱ्या दिवशी मला एक खोडी सुचली. घरच्या ज्ञानेश्वरीतल्या काही ओव्या लिहून आणल्या होत्या, त्या टाइप करून पाहिल्या. जवळजवळ सबंध पान लाल! आपल्याच जिल्ह्यातल्या नेवाशाला, शके १२१२ मध्ये जी सांगितली गेली, तिलाही रेघ चुकली नाही. तेव्हा माझ्या मनातली जुनी गाठ सुटली. लाल रेघेचा अर्थ 'हे चूक आहे' असा नसतो. 'हे मला कोणी सांगितले नाही' एवढाच तो असतो. कधी चूक आपली असते, कधी अज्ञान तिचे असते. कोणते काय, हे ओळखता येणे म्हणजेच शिकणे असावे. 'इळा' हा उच्चार आहे, प्रमाण लेखनात 'विळा' लिहावे, हे मला आज पटते. पण 'चाडे' हा उच्चाराचा प्रश्न नव्हे. तो अख्खा शब्द आहे, त्याला दुसरा पर्याय नाही.

माऊसचे उजवे बटन दाबले की 'शब्दकोशात घाला' अशी सोय असते. मी 'चाडं' घातला. रेघ गेली. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या मशीनवर बसले, तर रेघ पुन्हा हजर. घातलेला शब्द त्या एकाच यंत्रापुरता होता.

सॅन फ्रान्सिस्कोच्या इंटरनेट आर्काइव्हने १९९६ पासून इंटरनेटवरची पाने साठवून ठेवली आहेत. त्यांचीही जोडणी मिळते. एखादे पान पुसले गेले असेल, तर त्याची जपून ठेवलेली जुनी प्रत ती दाखवते. पुसलेली पाने जपणारे कोणीतरी आहे, हे वाचून बरे वाटते. पण आपल्या आज्यांचे शब्द अजून कुठे लिहिलेलेच नाहीत, तर ते जपणार कोण? ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपण पेढे वाटले. काम मात्र आपल्यालाच करायचे आहे.

मराठी विक्शनरीत कोणालाही नोंद करता येते. आपल्या वर्गात अकोल्याचे आहेत, पाथर्डीचे आहेत, जामखेड-कर्जतचे आहेत. प्रत्येकाने घरून वीस शब्द आणले, तरी केवढी रास होईल! मी एक वही केली आहे. पहिल्या पानावर 'चाडे' लिहिले आहे, आणि त्याखाली मूठ कशी धरायची ते आजी सांगेल तसे लिहिणार आहे. येत्या मृगात ती मला परसात शिकवणार आहे.