येव्हरचा किल्ला आणि डोर्नुमचं सिनेगॉग

मुलांनो, जर्मनीत उत्तर समुद्राकडे फ्रिसलँडमध्ये येव्हर गाव आहे. तिथला किल्ला जरूर पाहा. फ्रॉइलाइन मारिया ही इथली राणीच म्हणा ना! ती १५७५ साली वारली, पण लोक म्हणतात भुयारात गेली. ती परत येईपर्यंत रोज रात्री घंटा वाजवायची, बरं का!

तिने चर्चमध्ये वडिलांचं स्मारक करवलं, १५६१ ते १५६४. रेनेसान्स काळातलं लाकडाचं, दगडाचं कोरीव काम, बघतच राहावं. १९५९ साली चर्च जळालं, स्मारक वाचलं.

येव्हरचं सिनेगॉग मात्र नोव्हेंबर १९३८ मध्ये जाळलं. डोर्नुमला दोन किल्ले आहेत, पण आम्ही थांबलो १८४१ च्या छोट्या सिनेगॉगपाशी. जाळपोळीच्या जरा आधी ते एका सुताराला विकलं होतं, म्हणून भिंती राहिल्या. आतलं सामान बाहेर काढून जाळलं.