पाचटाचा जाळ

उजनीच्या पाण्याकाठी हलगीला ओल फार. १९८० साली धरण पुरं झालं, भीमा पसरली, करमाळ्याकडची नि पलीकडे इंदापुराकडची गावं वर सरकली. ज्वारीच्या जागी ऊस आणि केळी आली. शेतीचं काय झालं ते सगळेच सांगतात. कातड्याचं काय झालं ते वाजवणाऱ्याला ठाऊक. पहाटे पाण्यावरची गार हवा सुटली की हलगीचं पान सैल पडतं आणि टिपरू मारलं तर ‘कड्’ऐवजी ‘भद्’ येतं. मे महिन्यात ११७ टीएमसीचं हे धरण मायनसमध्ये गेलं, पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यातून वर आलं, की जाळ कमी लागतो. एरवी तापवल्याशिवाय सुटका नाही.

तापवायला पाचट उत्तम. भसकन पेटतं आणि निखारा धरत नाही, त्यामुळं पान करपायच्या आत ताणलं जातं. बाभळीच्या निखाऱ्यावर ठेवून गप्पा मारत बसलं, तर ते फाटतं. आमच्या मातंग वस्तीत माझं शिक्षण बहुतेक या जाळापाशीच झालं. चुलते नखानं पानावर टिचकी मारायचे आणि विचारायचे, “झाली का रं?” कडेचा आवाज आणि मधला आवाज एकाच वेळी वर चढत नाहीत, हे त्या प्रश्नातून कळलं. टिपरू नि काडी धरायला कुणी मुद्दाम शिकवलं नाही.

हलगी देवळाबाहेर, पखवाज आत. पखवाजाला हात लागला तो पुढं, तालुक्याच्या गावी, जात न विचारणाऱ्या एका वारकरी बुवांकडं. तिथंही सुरुवात पीठ मळण्यापासून. डाव्या पुडीवर कणीक किती, तिच्यात पाणी किती, सुकायला लागली की बोटानं ओल कशी द्यायची, हे जमेपर्यंत बोल मिळाला नाही.

पखवाजात महाराष्ट्राचं मोठं नाव नानासाहेब पानसे. वाईजवळच्या बावधनचे, पुढं इंदूरला होळकरांच्या पदरी गेले. स्वतः रचणारे आणि शिष्यांना हात सैल सोडून देणारे. त्यांची परंपरा शिष्यांच्या वह्यांत उतरली, म्हणून आज मी ती विद्यापीठात शिकवू शकतो, तिच्यावर परीक्षा घेऊ शकतो. हलगीच्या वाट्याला वही आली नाही.

कुस्तीच्या फडातली हलगी तर मात्रा मोजतच नाही, पैलवानाचे पाय बघते. खडाखडी चालू असते तोवर लय रेंगाळते. एकानं पट काढला की टिपरू धावतं. चार हलग्या आणि दोन पखवाजांसाठी एक रचना करायला बसलो तेव्हा कागदच आडवा आला. मात्रांत चोख बसवलं तर बँडबाजा झाला. शेवटी पखवाजांना चौतालाची बारा मात्रांची आवर्तनं लिहून दिली, आणि हलग्यांना एवढंच सांगितलं, की म्होरक्याच्या खांद्याकडं बघा, तो वळला की दुप्पट. त्यानं कधी वळायचं ते लिहिलंच नाही. पखवाजवाले पहिले काही दिवस वैतागले. समेवर उतरायची सवय असलेल्या हाताला दुसऱ्याच्या खांद्याची वाट बघणं जड जातं. रचना ऐकून एका परीक्षकांनी विचारलं, याचा ताल कोणता? चौताल, म्हणालो. त्यांना उत्तर पटलं नाही, मला प्रश्न.

विभागाच्या मागं आम्ही घमेल्यात जाळ करतो. तासिकेतला बराच वेळ तिथंच जातो, आणि मला तो वाया गेलेला वाटत नाही. धुरानं डोळे चोळणारी पोरं एकमेकांच्या हलगीला टिचक्या मारत भांडतात, ‘माझी चढली, तुझी अजून ढब्ब आहे.’ वर्गात खुर्चीवर बसून हे भांडण होत नाही. म्हणून प्लास्टिकच्या पानाची हलगी मी वर्गात येऊ देत नाही. बोल्ट आवळले की झालं. आवाज चिरका, पण डीजेसमोर टिकणारा.

गावी माझा चुलतभाऊ तीच वाजवतो. टेंभुर्णी, इंदापूरकडच्या गणपती मिरवणुकांच्या सुपाऱ्या भर पावसात असतात. तिथं पाचट कुठं पेटवणार? आणि पान सैल पडलं की ठरलेल्या पैशांतले कापून घेतात. “प्राध्यापक,” तो मला चिडवतो, “तुमची हलगी पगारावर तापती.” मिरवणुकीला त्याच्याशेजारी उभा राहिलो की मीही प्लास्टिकचीच वाजवतो, आणि पाऊस असला तर बरी वाजते.