मोत्याच्या घराची किल्ली

रहिमतपूर स्टेशनात गाडी यायला दहाएक मिनिटं होती. वारीला निघालेल्या आजींनी पदराची गाठ सोडून किल्ली काढली आणि माझ्या मामेबहिणीच्या हातावर ठेवली. "भाकर वेळेवर घाल पोरी त्येला. आन् जाताना कडी नीट लाव." लोणंदला उतरून त्या माउलींच्या पालखीत सामील होणार होत्या. तिथून तरडगाव, फलटण, माळशिरस करत पंढरपूर. परतायला बारा-तेरा दिवस लागणार. मागं घरात राहिला मोत्या. सात वर्षांचा गावठी कुत्रा, आजींशिवाय कुणाला अंगाला हात लावू न देणारा.

बहिणीला या कामात मिळालेलं हे पहिलं घर.

पुण्यात नोकरीला असताना ती सोसायटीतल्या लोकांची कुत्री-मांजरं सांभाळायची. गावी परतल्यावर तेच काम सुरू करायचं ठरवलं आणि दोनशे पत्रकं छापून पेपरातून वाटली. महिनाभरात एकही काम आलं नाही. मला त्याचं नवल वाटलं नाही. रहिमतपूरला 1853 पासून नगरपालिका असली तरी इथं माणूस घराण्यावरून ओळखला जातो. कुत्रं सांभाळायला द्यायचं म्हणजे घराची किल्ली द्यायची, आणि किल्लीबरोबर देवघर, कपाट, धान्याची कोठी सगळंच आलं. पत्रक वाचून तेवढा भरवसा कोण टाकेल?

घरातही विरोध होता. "शेजारच्या कुत्र्याला भाकरी घालायचे कसले पैसे घेतेस?" असं मामी म्हणायची. इथं मला बहिणीची बाजू पटते. आपल्याकडं जनावर राखायचा मोबदला कायमच ठरलेला असायचा. गुराख्याला जनावरामागं धान्य किंवा पैसे मिळत. शेळी अर्धलीनं दिली की होणाऱ्या करडांत सांभाळणाऱ्याचा वाटा असे. त्यात कुणाला कमीपणा वाटला नाही. मग कुत्र्या-मांजराच्या राखणीत का वाटावा? तिनं आजींना दिवसाचे शंभर रुपये सांगितले आणि आजींनी ते लगेच मान्य केले.

मोत्यानं मात्र पहिले दोन दिवस भाकरीला तोंड लावलं नाही. दुधात कुस्करून दिली, अंडं घालून दिली, तरी तो उंबऱ्यावर पडून रस्त्याकडं बघत राहायचा. पाणी तेवढं प्यायचा. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंशी बोलताना उलगडा झाला. आजी रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणायच्या आणि टाळ खाली ठेवल्यावरच मोत्यापुढं ताटली सरकवायच्या. बहिणीनं खुंटीवरचे टाळ काढले. तिला हरिपाठ पाठ नव्हता, म्हणून नुसतेच थोडा वेळ वाजवले. मोत्या उठला, आत आला आणि देवघरासमोरच्या आपल्या जागेवर बसला. टाळ खाली ठेवल्यावर त्यानं अख्खी भाकरी संपवली. त्या संध्याकाळी मी तिथं होतो. ताटली चाटूनपुसून झाल्यावर पहिल्यांदाच त्यानं तिचा हात हुंगला.

त्याच रात्री तिनं वही केली. जनावर काय खातं एवढं विचारून भागत नाही. खाण्याआधी घरात काय घडतं, कुठल्या आवाजाला ते घाबरतं, झोपतं कुठं, औषध कशात घालून घेतं, डॉक्टर कोण, हेही तिनं विचारायचं ठरवलं. आता काम घेण्याआधी ती दोनदा त्या घरी जाऊन बसते. जनावराच्या मागं लागत नाही, ते आपणहून जवळ येईपर्यंत घरच्यांशी गप्पा मारते. त्यात घरच्यांनाही ती कळते.

त्याच गप्पांत ती खाण्यापिण्याचं सांगते. आपण कुत्र्याला उरलंसुरलं घालतो, आणि आपल्या पिठल्यात-आमटीत कांदा असतोच. कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मांजराला तर तो आणखी बाधतो. प्रसादाच्या शिऱ्यातल्या मनुकांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. चॉकलेटही विषासारखंच. लाडानं भरवणाऱ्या बऱ्याच घरांना यातलं काही ठाऊक नसतं.

आजी पंढरपूरहून परतल्या आणि त्यांनी भजनाच्या बायकांना मोत्याची हकीकत सांगितली. दोनशे पत्रकांनी जे झालं नाही ते तिथं झालं. पुढची दोन घरं त्या भजनातूनच आली. तिसरं आलं जनावरांच्या दवाखान्यात. ती मोत्याला लस द्यायला घेऊन गेली असताना रांगेतल्या एकानं विचारलं, "आमचं मांजर ठेवाल का दिवाळीत चार दिवस?"

एक काम तिनं नाकारलं. मालक दुप्पट पैसे द्यायला तयार होता, पण कुत्र्याला रेबीजची लस दिलेली नव्हती आणि द्यायची तयारीही नव्हती. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस काय, कुत्रं काय, वाचणं जवळपास अशक्य. पिलू तीन महिन्यांचं झालं की पहिली लस आणि पुढं वेळच्या वेळी बूस्टर, इतकं हे सोपं आहे. हातात काम नसताना तिनं ते सोडलं, याचा मला अभिमान वाटतो.

चूक झाली ती लग्नसराईत. वरातीतल्या फटाक्यांनी बिथरून एक लॅब्रॅडोर पट्ट्यातून मान काढून पळाला. पट्टा सैल आहे हे तिनं सकाळीच पाहिलं होतं, पण घट्ट करायचं राहून गेलं. आम्ही पाच जण बॅटऱ्या घेऊन रात्रभर फिरलो. शोध सुरू करतानाच तिनं मालकांना फोन केला. कुत्रा सापडला तर गुपचूप राहील, असा विचार मी केला होता, तिनं नाही. पहाटे तो उसाच्या फडाच्या कडेला, पाटात अंग ओलं करून बसलेला सापडला. मालक दुसऱ्या दिवशी आले, चिडले, आणि निघताना पुढच्या महिन्याच्या तारखा देऊन गेले. "तुम्ही लगेच कळवलंत," एवढंच म्हणाले.

आता तिच्याकडं अकरा घरांच्या किल्ल्या आहेत आणि वारीचे, दिवाळीचे, मे महिन्याचे दिवस आधीच भरतात. कोरेगाव, मसूरहूनही विचारणा होते, पण दिवसातून दोनदा तिथं जाणं तिला जमत नाही. त्या गावांत ज्यांना जनावरांची आवड आहे, सकाळ-संध्याकाळ तास-दोन तास मोकळे आहेत, त्यांनी हे काम जरूर सुरू करावं. घरं वाट बघतायत.