वाक्यात उपयोग करा

प्राथमिक शाळेच्या मराठीच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून बसला आहे : ‘पुढील केवलप्रयोगी अव्ययांचा वाक्यात उपयोग करा.’ वरवर पाहता प्रश्न निरुपद्रवी आहे. परंतु त्याच वहीत, चार पाने अलीकडे, मुलांनी व्याख्या उतरवून घेतलेली असते की, हे शब्द वाक्याचा भाग नसतात. मनात दाटलेली भावना ते एकदम बाहेर टाकतात आणि त्यांच्या मागून येणारे वाक्य त्यांच्यावाचूनही पुरे असते. म्हणजे जो शब्द वाक्यात बसत नाही असे आधी शिकवायचे, त्याचाच वाक्यात उपयोग करावयास नंतर सांगायचे. मुले या विसंगतीतून आपली वाट काढतात. शब्द, उद्गारचिन्ह आणि मग हाताला लागेल ते वाक्य. ‘अरेरे! राम शाळेत गेला.’ यात व्याकरणाची चूक नेमकी कोणती, हे सांगणे वाटते तितके सोपे नाही.

शिरोळ तालुक्यातील प्राथमिक शाळांत मराठी शिकविण्याच्या निमित्ताने आम्ही काही वर्षे वावरलो. तेथे ‘अबब’ हा शब्द फळ्यावर लिहिला की, सगळ्या वर्गाचे उत्तर एकच येत असे : ‘अबब! केवढा मोठा हत्ती!’ गाईडात तेच असते. आता गंमत अशी की, याच तालुक्यातील नांदणीच्या जैन मठात खरीखुरी हत्तीण होती. महादेवी तिचे नाव. लोक माधुरीही म्हणत. तीन दशकांहून अधिक काळ ती तेथे होती. नांदणी परिसरातील पोरांना हत्ती पाहून ‘अबब’ म्हणण्याचे काही कारण नव्हते. घरच्या म्हशीला हाक मारावी तशी ती तिला हाक मारीत. न्यायालयाच्या आदेशानुसार जुलै २०२५ मध्ये तिला गुजरातेत जामनगरच्या वनतारा केंद्रात नेण्यात आले, तेव्हा निरोपाला गाव लोटले आणि माणसे रस्त्यावर रडली. त्या आदेशाच्या युक्तायुक्ततेत आम्हांस येथे शिरावयाचे नाही. आमचा प्रश्न लहान आहे. त्या दिवसानंतर तेथल्या एखाद्या मुलाने वहीत ‘अरेरे! हत्ती.’ एवढेच लिहिले, तर आपण त्याला किती गुण देणार? वाक्य अपुरे म्हणून अर्धा कापणार, की नमुना उत्तरात हत्तीपुढे ‘अबब’ आहे म्हणून दोन्ही?

मुलांच्या तोंडी जे खरे उद्गार असतात, ते वहीत कधी उतरतच नाहीत. आश्चर्याला ‘बाबौ’, कौतुकाला ‘नाद खुळा’, दचकल्यावर ‘आयला’. सीमेलगतच्या ज्या घरांत कानडी बोलली जाते, तेथून ‘अय्यो’ आणि ‘यव्वा’ शाळेपर्यंत चालत येतात. मुले हे शब्द मैदानावर ठेवून वर्गात शिरतात. ‘आयला’वर तर तांबडी शाई ठरलेलीच. छापील पुस्तकांतून निर्धास्त हिंडणाऱ्या ‘हात्तिच्या’मधील ‘तिच्या’ म्हणजे कोणाच्या, हे मात्र कोणी विचारीत नाही. पुढचे नाम सभ्यपणाने गळून पडले एवढ्यावर तो शब्द सोवळा झाला. आणि बाजारातल्या अनेक व्याकरणपुस्तकांत ‘इश्श’ तिरस्कारदर्शकांच्या यादीत बसविलेले असते. ती यादी करणाऱ्यांनी ते कधी ऐकले होते की नाही, अशी शंका येते.

या शब्दांना व्याकरणात स्वतंत्र घर मिळाले त्याची हकीकतही मोठी विलक्षण आहे. ग्रीक व्याकरणकारांनी उद्गारांना क्रियाविशेषणांच्या ओसरीवर जागा दिली होती. लॅटिनमध्ये उपपद नाही. त्यामुळे ग्रीकांच्या आठ शब्दजातींतील एक जागा रिकामी पडली आणि आठ हा आकडा राखण्यासाठी रोमन पंडितांनी तेथे उद्गारवाचकांना नेऊन बसविले. ही आठांची चौकट पुढे इंग्रजी व्याकरणांत गेली. एकोणिसाव्या शतकात त्या वळणाने मराठीची व्याकरणे लिहिली जाऊ लागली, तेव्हा ती आपल्याकडेही आली. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६चे, मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११चे. चौकटीवर वाद पुष्कळ झाले, परंतु शाळेपर्यंत पोहोचली ती चौकट. वाद वाटेतच राहिले. आपल्या जुन्या परंपरेने या शब्दांकडे वेगळ्या नजरेने पाहिले होते, असे आम्हांस वाटते. यास्काने चार पदजाती मानल्या आणि अशा शब्दांना निपातांत घातले. पाणिनीचा एक नियम तर येथे मुद्दाम सांगण्याजोगा आहे. ‘आ’चा एक विशिष्ट प्रकार वगळता, एकाच स्वराचा जो निपात असेल, तो पुढच्या स्वराशी संधी करीत नाही. संस्कृतात जेथे शब्दाला शब्द भेटताच स्वर एकमेकांत विरघळतात, तेथे ‘इ’, ‘उ’ यांसारखा उद्गार मात्र शेजाऱ्याशी अंतर राखून उभा राहतो. वाक्याबाहेरचे त्याचे हे स्थान इतक्या सूक्ष्मपणे नोंदविणाऱ्याने ‘वाक्यात उपयोग करा’ हा प्रश्न काढला असता, असे वाटत नाही.

मग शिकवावे कसे? आम्ही एवढेच करून पाहिले की, वाक्य मागण्याऐवजी प्रसंग मागितला. कोण म्हणाले, कोणाला, काय घडल्यावर? एका मुलाने लिहिले : ‘अगं बया! माझी पेन्सिल हरवली.’ वर्ग खो खो हसला. का हसलात, असे विचारताच उत्तर आले, ‘बाया म्हंत्यात तसं.’ उद्गारावर बोलणाऱ्याचे लिंग, वय, नाते यांची मोहोर असते, हे त्या हसण्यात सगळे होते. आमचे काम फक्त ते फळ्यावर लिहिण्याचे उरले. ‘अरं’, ‘अगं’ आणि ‘अवं’ ही तिन्ही संबोधने कोणाला चालतात आणि कोणाला नाहीत, हे तर मुलांना आमच्यापेक्षा चोख ठाऊक होते. सुनेने सासऱ्यांना ‘अरं’ म्हटल्याचे वाक्य करून दाखवा, असे म्हणताच पोरे अशी दचकली, की जणू भिंतीवरून साप गेला.

सर्वांत अवघड गेला तो नदीचा पाठ. फळ्यावर एक वाक्य लिहिले, ‘नदीला पाणी आले’, आणि त्याच्या आधी योग्य उद्गार घालावयास सांगितले. कृष्णा आणि पंचगंगा यांचा संगम याच तालुक्यात, नृसिंहवाडीला. पाणी चढत चढत दत्तमंदिरात शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, तेव्हा दक्षिणद्वार सोहळा होतो आणि भाविक त्या पाण्यात स्नानाला धावतात. त्या मुलांनी ‘वा!’ लिहिले. ज्यांचा ऊस नदीकाठच्या मळीत उभा होता, त्यांनी ‘अरेरे!’ लिहिले. पाणी तेच, आणि कधी कधी दिवसही तोच. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांचे पूर या तालुक्याने सोसले आहेत. २०१९च्या ऑगस्टमध्ये घरदार सोडून जनावरांसह बाहेर पडलेल्या कुटुंबांतील एका मुलाने रकाना कोराच ठेवला. विचारल्यावर म्हणाला, ‘तवा कोण काय बोललंच नाही.’ मौनदर्शक अव्यये म्हणून ‘चूप’, ‘गप’ हे शब्द आपण शिकवितो. हे मौन त्या यादीतले नव्हे.

अर्थात, शिष्यवृत्तीच्या परीक्षेत चार पर्यायांतून एकच निवडावयाचा असतो, आणि या जिल्ह्यात त्या परीक्षेला केवढा मान आहे हे आम्ही जाणतो. परीक्षेपुरती यादी पाठ करून घ्यावी. त्याला आमची हरकत नाही. मात्र ती यादी म्हणजेच आपल्या आनंदाची आणि दुःखाची मान्य भाषा, घरची ती गावंढळ, अशी समजूत जर दहा वर्षांच्या मुलाची झाली, तर पुढे निबंधात तो कधीच खरे लिहीत नाही. महाविद्यालयात आपल्याकडे येणाऱ्या मुलांचे निबंध ज्यांनी तपासले आहेत, त्यांना याहून अधिक सांगावयास नको. असो.

एका मुलीने विचारले, ‘सर, आजी करती त्यो आवाज कसा लिवायचा?’ जीभ दातांमागे टेकवून, हवा आत ओढून केलेला तो हळहळीचा आवाज. आपली सगळी मुळाक्षरे श्वास बाहेर सोडून उच्चारली जातात. हा एकटा आत ओढून. दक्षिण आफ्रिकेतील झुलू आणि खोसा या भाषांत असे आवाज साधी व्यंजने म्हणून शब्दाशब्दांत येतात. आपल्याकडे ‘च् च्’ या तडजोडीवर भागवावे लागते. तसे तिला सांगितले. तिला ते पटले नसावे, कारण बराच वेळ ती पेन्सिल चावीत बसली. मग तिने वहीत लिहिले : ‘पडलेला गोठा बघून आजी काही बोलली नाही, नुसतं च् च् केलं.’ उद्गारचिन्ह नाही, आणि तो उद्गार सरळ ‘केलं’ या क्रियापदाचे कर्म होऊन बसलेला.